मान, हक्क आणि माणुसकी : मालगुजारी तलावांच्या निमित्ताने एक शब्दविचार

१

गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी व गोरेगाव या तालुक्यांत, धानाच्या बांध्यांना पाणी पुरविणारे जे जुने तलाव आहेत त्यांस आज सर्रास ‘मामा तलाव’ असे म्हणतात. बाहेरून आलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे हे नाव ऐकताच गावचा कोणी वत्सल मामा उभा राहतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावातील पहिल्या दोन शब्दांची आद्याक्षरे कचेरीच्या कागदांत एकत्र आली आणि त्यांतून हे नाव निघाले. संक्षेपाचा नातेवाचक शब्द झाला आणि लोकांनी तो बिनतक्रार स्वीकारला.

भाषेच्या अभ्यासकास हा योगायोग रंजक वाटेल. पण त्याचे महत्त्व रंजकतेपुरते नाही. हा तलाव कोणाचा, आणि त्याचे पाणी कोणास कोणत्या आधारावर मिळावयाचे, या प्रश्नाची तीन उत्तरे या एका नावात गुंतलेली आहेत. ‘मालगुजारी’ या शब्दात एका घराण्याचा मान आहे. ‘माजी’ या शब्दात तो मान संपविणारा कायदा, आणि त्या कायद्याने उभा केलेला सर्वांचा हक्क आहे. ‘मामा’ या शब्दात, नकळत का होईना, आपुलकीची अपेक्षा आहे. मान, हक्क आणि माणुसकी या तीन गोष्टी एकमेकींपासून भिन्न आहेत. तथापि आपल्या लेखनात आणि बोलण्यात त्या वारंवार एकमेकींच्या जागी बसविल्या जातात. ही सरमिसळ कशी झाली, तीत मराठी शब्दांच्या इतिहासाचा वाटा किती, आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम ‘हक्क’ हा शब्द घेऊ. तो मूळचा अरबी. सत्य, न्याय्य, देय असे त्याचे अर्थ आहेत. मराठीत तो स्थिरावला मात्र वतनाच्या कागदपत्रांतून. ‘हक्क’, ‘लाजिमा’, ‘मानपान’, ‘इनाम’ हे शब्द वतनपत्रांत एका रांगेत येतात. पाटलाचा हक्क, कुळकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क म्हणजे त्या त्या वतनदाराने रयतेकडून घ्यावयाचा ठरीव लागा. पोळ्याला बैल कोणाचा पुढे, होळीची पोळी कोणाची आधी, विडा प्रथम कोणास, हे सारे मानपान याच कक्षेतले. ते मोडल्यास भांडणे गोतसभेपर्यंत आणि राजदरबारापर्यंत जात. तेव्हा आज ज्यास आपण विशेषाधिकार म्हणू, त्याचेच नाव कित्येक शतके मराठीत ‘हक्क’ हे होते.

‘अधिकार’ या पर्यायी शब्दाकडे वळावे तर तोही निरपवाद नाही. संस्कृत शास्त्रग्रंथांत अधिकार म्हणजे पात्रता. अमक्या कर्माचा, अमक्या ग्रंथाच्या अध्ययनाचा अधिकारी कोण, हा तेथील प्रश्न. आणि अधिकारी कोण हे ठरविताना अनधिकारी कोण हेही ठरते. थोडक्यात, आपल्या भाषेला मिळालेल्या दोन शब्दांपैकी एक वतनाच्या दप्तरातून आला, दुसरा पात्रतेच्या चर्चेतून. मनुष्य म्हणून जन्मास आल्यामुळेच जे मिळावे, ते सांगणारा शब्द मराठीस वारशाने मिळालेला नव्हता. तो घडवावा लागला.

तो घडविण्याच्या कामी जोतीराव फुले यांचे लेखन अग्रभागी आहे. थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ त्यांनी १८४७ च्या सुमारास वाचल्याचे त्यांच्या चरित्रांतून नमूद आहे. त्यांच्या लेखनात ‘हक्क’ या शब्दामागे ‘मानवी’ हे विशेषण येते. आज आपणांस या जोडीत काहीच नवल वाटत नाही. परंतु ज्या भाषेत हक्क म्हटला की तो कोणाचा, पाटलाचा की देशमुखाचा, असे विचारण्याची सवय होती, त्या भाषेत ‘मानवी’ हे उत्तर देणे ही अर्थाची उलथापालथ होती. हक्काचा धनी बदलला, इतकेच नव्हे तर धनी असण्याची अटच गेली.

जुना अर्थ मात्र नाहीसा झाला नाही. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागास ‘मूलभूत हक्क’ हे नाव आहे. आणि विधिमंडळाच्या किंवा त्याच्या सदस्यांच्या विशेषाधिकाराचा भंग झाला असता जो प्रस्ताव येतो त्यास आपण ‘हक्कभंग’ म्हणतो. प्रत्येक नागरिकास जे आहे तेही हक्क, आणि मोजक्या सदस्यांस त्यांच्या पदामुळे जे आहे तेही हक्क. हे विशेषाधिकार सभागृहाचे काम निर्भयपणे चालावे म्हणून दिलेले आहेत आणि त्यांस प्रयोजन आहे, याविषयी वाद नाही. मुद्दा एवढाच की वतनपत्रातील शब्दाची सावली लोकशाहीच्या सभागृहातही पडलेली आहे, आणि ती आपल्या लक्षात येत नाही.

३

आता मालगुजारीकडे वळू. ‘मालगुजार’ हा फारसी घडणीचा शब्द; माल म्हणजे सारा, आणि तो गुजारणारा, म्हणजे भरणारा, तो मालगुजार. शब्दाने तो देणारा ठरतो. ‘माल’ आणि ‘मालिक’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, पण अरबीत ते भिन्न धातूंपासून आलेले आहेत. भोसल्यांच्या राज्यात हे लोक गावाचा वसूल भरणारे पटेल किंवा मक्तेदार होते. इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या बंदोबस्तात त्यांस गावाच्या जमिनीवर मालकी देण्यात आली. सारा भरणारा तो मालक झाला, आणि रयतेच्या तोंडीही ‘मालक’ हाच शब्द बसला. कामठ्यासारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांपासून एकेका गावाच्या मालगुजारापर्यंत हीच व्यवस्था लहानमोठ्या प्रमाणात होती.

तलाव त्याहून जुने आहेत. जो जंगल तोडून तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन द्यावी, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती असे परंपरा सांगते. आणि तलाव बांधण्याच्या कामी या भागातील कोहळी समाजाचे कौशल्य सर्वमान्य आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. तलाव बांधणाऱ्यास त्याच्याखालची जमीन मिळणे हा श्रमाचा मोबदला होता. पुढे तो मोबदला वंशपरंपरेने मान झाला, आणि मानाची मालकी झाली. मोबदला, मान, मालकी या तीन पायऱ्या इतक्या सावकाश चढल्या गेल्या की पायरी बदलली हे कोणाच्या ध्यानी आले नाही. विशेषाधिकाराची घडण बहुधा अशीच असते. त्याच्या तळाशी पुष्कळदा एखादे खरे कर्तृत्व असते. दोष कर्तृत्वात नसतो, ते संपल्यावरही लागा चालू राहण्यात असतो.

या व्यवस्थेत रयतेच्या बाजूने एक शब्द होता, आणि तो फार मोलाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘निस्तार’. गावच्या पडीत जमिनीतून व जंगलातून घरखर्चापुरते सरपण, नांगरा-वखरास लाकूड, गुरांस चारा, तलावाचे पाणी, हे रयतेने घ्यावयाचे ते निस्तारासाठी. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या अशा वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदविल्या गेल्या. या फारसी संज्ञेचा अर्थ ‘मांडण्यास योग्य ते’ असा काहीसा आहे. रयतेच्या हक्काच्या नोंदीच्या नावातच अर्ज आहे, ही गोष्ट त्या काळास साजेशी म्हणावी लागेल. ‘निस्तार’ शब्दाची जात मात्र निराळी. ‘निस्’ आणि ‘तृ’ यांपासून तो बनला. पार पडणे, तरून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील ‘निस्तरणे’ हे क्रियापद त्याच कुळातले. तेव्हा हक्क मोजला जाई सनदेने, मान मोजला जाई पंक्तीतील जागेने, आणि निस्तार मोजला जाई गरजेने: ज्यावाचून संसार पार पडणार नाही तेवढे. मूलभूत हक्काची कल्पना या प्रदेशातील शेतकऱ्यास परकी नव्हती, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

हा शब्द टिकलाही. मध्य प्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली; तलाव शासनाकडे आले. अहेरीच्या जमीनदारांनी या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने विदर्भासाठी निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांस जागा दिली. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची गणना करताना ‘निस्तार’ हा शब्द नावानिशी घेतला. झाडीपट्टीतील शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द अशा रीतीने संसदेच्या कायद्यात गेला.

परंतु या शब्दाचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निस्तार रयतेचा होता. पण त्याच्या शेजारी बेगार होती, आणि गावातील सर्वांस पाण्याचा एकच घाट मोकळा नव्हता. गरजेने मोजलेला हक्कही कोणाची गरज गरज म्हणून मोजावयाची, येथे अडत होता. हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे विचारला गेला तो झाडीपट्टीपासून दूर, कोकणातील एका तळ्याच्या काठी. म्हणून त्याकडे थोडे वळले पाहिजे.

४

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री हक्क सिद्ध झाला. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर झालेली मारहाण, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आणि पुढील खटला हा इतिहास सर्वश्रुत आहे. आपणांस येथे त्या खटल्यातील एका गोष्टीशी कर्तव्य आहे. विरोध करणाऱ्यांनी न्यायालयात आपली बाजू मांडली ती हक्क म्हणूनच: अस्पृश्यांस वगळण्याची आपली फार जुनी वहिवाट आहे, सबब तो आपला हक्क आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही. अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला.

येथे मान आणि हक्क यांतील भेद जितका उघडा पडतो तितका क्वचितच कोठे पडत असेल. एका बाजूची मागणी अशी होती की तिने पाणी घेतले असता कोणाचेही पाणी कमी होत नव्हते. दुसऱ्या बाजूची मागणी अशी होती की दुसऱ्याने पाणी घेतले नाही तरच ती पुरी होणार. विशेषाधिकाराची खूण हीच. तो सर्वांस दिला की नाहीसा होतो. मूलभूत हक्क सर्वांस दिला तरच तो पुरता होतो.

त्या काळच्या आंबेडकरी लेखनात व भाषणांत ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्याची षष्ठी लक्षात घेण्याजोगी आहे. वतनपत्रातील ‘पाटलाचे हक्क’ आणि ही ‘माणुसकीचे हक्क’ यांची रचना एकच. पदाच्या जागी माणूसपण आले आहे. परंपरा असे सांगते की महार समाजास बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले होते. सनद खरी की खोटी या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की ज्यांच्या नावावर बावन्न हक्क सांगितले जात, त्यांस गावच्या विहिरीवर घागर बुडविण्याचा एकही हक्क नव्हता. जुन्या व नव्या अर्थांतील अंतर याहून थोड्या शब्दांत सांगता येणार नाही. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हीच दृष्टी होती. वतनाचा तुकडा आणि घरोघरची भाकर हातात असेपर्यंत माणुसकीचा हक्क पदरात पडणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. हीन गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला.

संविधानाने हा प्रश्न कायद्यापुरता मिटविला. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरास जन्माच्या आधारावर आडकाठी नको, हे पंधराव्या अनुच्छेदात आहे. अस्पृश्यता सतराव्याने गेली, किताब अठराव्याने गेले, बेगार तेविसाव्याने गेली. ‘तलाव’ आणि ‘बेगार’ हे दोन्ही शब्द मूलभूत हक्कांच्या भागात यावेत, ही गोष्ट मालगुजारी गावांच्या वाचकास विशेष अर्थपूर्ण वाटेल. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नावात अपराधाच्या जागी हक्क आला. हे केवळ शब्दांतर नव्हते. कायद्याने प्रथम अन्याय करणाऱ्याकडे पाहिले होते, आता तो ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याकडे पाहू लागला.

५

हक्काचे इतके झाल्यावर माणुसकीस वेगळे काम उरते काय? या ठिकाणी शब्दाची घडण पुन्हा साहाय्यास येते. पाटीलकी, महारकी, गावकी, माणुसकी या शब्दांचा प्रत्यय एकच. पाटीलकी म्हणजे पाटलाचे पद, त्याचे काम आणि त्यास जोडलेला लागा. महारकी म्हणजे काम अधिक आणि लागा नाममात्र. माणुसकी म्हणजे माणसाचे पद व काम. तिला लागा मुळीच नाही. ती करणाऱ्याने करावयाची असते. क्रियापदांवरूनही हे दिसते. हक्क ‘असतो’, सवलत ‘मिळते’, मान ‘दिला’ किंवा ‘घेतला’ जातो. माणुसकी मात्र ‘ठेवावी’ आणि ‘दाखवावी’ लागते. हक्काचे वाक्य ‘मला’ या चतुर्थीने सुरू होते, माणुसकीचे ‘मी’ या कर्त्याने. म्हणून हक्क मागता येतो. माणुसकीची अपेक्षा करता येते, पण दावा करून ती मिळविता येत नाही. मिळविली तर जे हाती येते ते माणुसकी नसून आज्ञापालन असते.

याचे नित्य दिसणारे उदाहरण सर्वनामांचे आहे. आर. ब्राउन आणि ए. गिलमन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात युरोपीय भाषांतील एकेरी-आदरार्थी सर्वनामांची दोन तत्त्वे सांगितली आहेत: सत्ता आणि सलगी. मराठीतील ‘तू’ या दोन्ही तत्त्वांवर चालतो. आईस आपण ‘तू’ म्हणतो तो सलगीचा. साठ वर्षांच्या मजुरास वीस वर्षांच्या मालकपुत्राने म्हटलेला ‘तू’ सत्तेचा. कारण त्याचे उत्तर ‘तू’ने देता येत नाही. झाडीपट्टीत ‘जी’ हे आदराचे अव्यय लोकांच्या बोलण्यात सहज येते. ते कोणत्या बाजूने जाते आणि कोणत्या बाजूने परत येत नाही, हे कान देऊन ऐकले तर गावाची रचना कळते. मजुरास ‘तुम्ही’ म्हणा असा कायदा करता येणार नाही, करू नये. पण ‘तुम्ही’ न म्हटल्याने जे हिरावले जाते ते काहीच नाही, असेही म्हणता येणार नाही.

या संदर्भात प्रस्तुत लेखकास आपल्याच शाळेची आठवण होते. गोष्ट १९९० नंतरच्या काळातली. वर्षारंभी शुल्कमाफीचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना वर्गात पुकारा होई: ‘सवलतीचे विद्यार्थी उभे राहा.’ काही मुले उभी राहत, त्यांची नावे मोठ्याने वाचली जात, आणि बसलेली मुले त्यांच्याकडे पाहत. लेखक बसलेल्यांपैकी होता. जे उभे राहत त्यांच्या मनात काय चालत असेल याचा विचार त्या वयात शिवला नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, महाविद्यालयात शिकवू लागल्यावर, एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज सर्वांसमोर घेण्याचे टाळले आणि वर्ग सुटल्यावर तो एकटा थांबून राहिला, तेव्हा ते जुने दृश्य प्रथम दिसले.

त्या एका पुकाऱ्यात आपल्या विषयाच्या तिन्ही बाजू आहेत. त्या मुलांस जे मिळत होते तो शासनाने मान्य केलेला हक्क होता. शब्द मात्र ‘सवलत’ हा वापरला गेला. शब्दाने हक्काची कृपा केली. बसून राहावयास मिळणे हा आमचा मान होता. त्यास काही नाव नव्हते, म्हणून तो आम्हांस दिसला नाही. आणि तोच अर्ज घरी भरून आणा असे म्हणण्यास काडीचाही खर्च नव्हता. तेवढी माणुसकी मात्र ठेवली गेली नाही. हक्क पुरा मिळाला, पैसे वेळेवर आले, आणि तरीही त्या मुलांपासून काही तरी घेतले गेले. राखीव जागांविषयी आजही जो वाद चालतो त्यात ‘सवलत’ हा शब्द पहिल्याच वाक्यात येतो. आणि तो आला की वादाचा निम्मा निकाल चर्चेपूर्वीच लागलेला असतो.

६

या दृष्टीने आपल्या काही लेखनाकडे पाहिले असता दोन प्रकारचे दोष आढळतात.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा मराठीतील एक अनन्यसाधारण ग्रंथ आहे. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांचे गावावरील लागे त्यांनी ज्या बारकाव्याने टिपले आहेत त्यास तोड नाही. त्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे आणि ती रास्त आहे. परंतु तेथे हक्क हा मुख्यतः जुन्या अर्थानेच येतो: कोण किती घेतो, आणि त्याचा भार कोणावर पडतो. हा हिशेब आवश्यक होता. तथापि ज्यास गावाने कधी पूर्ण माणूस म्हणून धरलेच नाही, त्याचे गावाकडे काय येणे आहे, हा प्रश्न या हिशेबाच्या वहीत बसत नाही. वही खोटी नाही. तिचे रकाने जुने आहेत.

दुसरा दोष अलीकडील, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा आहे. मालगुजारी तलावांविषयी लिहिताना आपल्याकडील लेखक पुष्कळदा हळवे होतात. पूर्वी मालगुजार तलावाची काळजी घेत, पाळ दुरुस्त करवीत, गाळ काढवीत, पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचवीत. सरकारकडे तलाव गेले आणि सारे बिघडले, असा या लेखनाचा सूर असतो. यात तथ्याचा अंश नाही असे नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले आणि त्यांच्या पाळी खचल्या, हे कोणीही पाहू शकतो. परंतु ‘करवीत’ या प्रयोजक क्रियापदाकडे वाचकाने पाहावे. गाळ मालगुजाराने काढविला, काढला कोणी? त्या हातांस मजुरी मिळत होती की ती बेगार होती, हा प्रश्न त्या प्रयोजकाच्या आड लपतो. चांगला मालगुजार ही गोष्ट खरी असेल. अनेक ठिकाणी खरी होतीच. पण चांगुलपणावर अवलंबून राहणारे पाणी पुढच्या पिढीत वाईट मालगुजाराच्याही हाती जाते. माणुसकी ही हक्काच्या बदली देता येत नाही, ती याच कारणाने.

उलट बाजूचा दोषही नमूद केला पाहिजे, कारण त्याकडे आपण सहसा काणाडोळा करतो. हक्क मान्य झाला की माणुसकीचे काम संपले, असा समज पसरला आहे. तलावांचेच उदाहरण घ्यावे. त्याच तलावावर धान पिकविणाऱ्यांचे पाणी आहे आणि ढीवर बांधवांची मासेमारीही आहे. रोवणीनंतर पावसाने ओढ दिली की शेतकऱ्यास तलाव तळापर्यंत रिता करावासा वाटतो. तळापर्यंत रिता झाला की मासळी मरते. दोघांचेही म्हणणे न्याय्य आहे आणि दोघांपैकी कोणीही मान मागत नाही. नियम करता येतील, करावेतही. पण वरच्या बांधीवाल्याने रात्री पाणी फोडून न घेता खालच्याची पाळी येऊ देणे, तळाशी हातभर पाणी राखणे, हे नियमाने जेवढे होते त्याहून अधिक एकमेकांच्या गरजेची दखल घेतल्याने होते. जेथे मान आणि हक्क समोरासमोर उभे आहेत तेथे हक्काची बाजू घेणे हीच माणुसकी होय. जेथे हक्क आणि हक्क समोरासमोर आहेत तेथे माणुसकीचे स्वतःचे काम सुरू होते.

७

या विवेचनातून वाचकाच्या हाती तीन साध्या कसोट्या द्यावयाच्या आहेत. एखादी गोष्ट सर्वांस दिली असता ती नष्ट होत असेल, तर तो मान समजावा, त्यास हक्क हे नाव देऊ नये. एखादी गोष्ट घेताना घेणाऱ्यास आभार मानावे लागत असतील आणि तीवाचून त्याचा निस्तार नसेल, तर तो हक्क असून त्यास कोणी तरी सवलतीचा वेष दिला आहे असे समजावे. आणि एखादी गोष्ट कायद्याने मागता येत नाही, पण न केल्याने समोरचा मनुष्य लहान होतो, तर ती माणुसकी. ती समोरच्याने मागावी अशी वाट न पाहता आपण करावी.

शब्दांची अशी निवड झाल्याने तलावातील गाळ निघणार नाही, हे लेखकास ठाऊक आहे. परंतु चुकीच्या शब्दाने जो मनुष्य एकदा उभा केला जातो त्यास पुन्हा बसविणे फार कठीण जाते. गोंदियाच्या शेतकऱ्यांनी एका कचेरीच्या संक्षेपातून मामा निर्माण केला. मालक गेला आणि मामा आला, एवढा बदल भाषेने आपल्या बाजूने करून ठेवला आहे. त्या नात्यास साजेसे वागणे भाषेच्या हाती नाही. ते बोलणाऱ्यांच्या हाती आहे.